पॉलिशिंगचा पॅड निवडताना

मशीन पॉलिशिंगला बसताना सगळ्यात कडक पॅड आणि जहाल कंपाऊंड आधी उचलू नका, ही कळकळीची विनंती. रंगावरचा क्लिअर कोट साधारण 40-50 मायक्रॉनचा; घासून गेला की गेलाच. गाडी धुवा, क्ले बार फिरवा आणि बॉनेटच्या हातभर चौकोनात मऊ फोम पॅड व फिनिशिंग पॉलिशने चाचणी घ्या. बारीक चरे राहिलेच तर एकेक पायरी वर चढा. लोकरी पॅड झपाट्याने कापतो, पण मागे धूसरपणा सोडतो, म्हणून नंतर फोम लागतोच. पॅडच्या रंगावर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचा हिशोब वेगळा. नवशिक्यांनी ड्युअल ॲक्शन मशीनच घ्यावं. नखाला अडकणाऱ्या चऱ्याच्या मागे मात्र लागू नका, तो सहसा पॉलिशने जात नाही.