नर येतो, मादी आणावी लागते

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये जाहीर झाला तेव्हा 'वाघाविना व्याघ्र प्रकल्प' अशी त्याची थट्टा झाली. ती पूर्ण खरी नव्हती. प्रकल्पातल्या कोयना-चांदोलीत अधूनमधून पाऊलखुणा मिळत, २०१८ मध्ये एक पट्टेरी वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला, पुढे आणखीही दिसले. पण ओळख पटलेले सगळे नर. त्यामुळे जंगलात वाघ होते आणि बछडे नव्हते.

कारण वाघांच्या स्वभावात आहे. माणसांत लेक सासरी जाते, वाघांत लेक माहेराला धरून राहते. दोन-अडीच वर्षांची झालेली मादी शक्यतो आईच्या हद्दीला लागूनच आपली हद्द आखते. नर मात्र शेकडो किलोमीटर भटकतो. म्हणजे कर्नाटकातून काळी, म्हादई, तिळारी, राधानगरी अशी जंगलं ओलांडत नर वर येत राहणार, आणि जोडीदारीण न मिळाल्याने परतणार किंवा एकटाच म्हातारा होणार. 'जंगल राखा, वाघ आपोआप येईल' हा सल्ला इथे अर्धाच लागू पडतो. म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची एक वाघीण चांदोलीत आणली गेली. ताडोबा आणि पेंचमधून एकूण आठ वाघ आणायचे आहेत.

हे जमतं का? मध्य प्रदेशातल्या पन्न्यात जमलं, पण सुखासुखी नाही. शिकाऱ्यांनी ते जंगल रिकामं केलं होतं. मार्च २००९ मध्ये बांधवगड आणि कान्ह्याहून दोन वाघिणी आणल्या, तर तोवर तिथला शेवटचा नरही नाहीसा झालेला. म्हणजे सह्याद्रीच्या अगदी उलटा पेच! नोव्हेंबरात पेंचहून 'टी-३' नावाचा नर आला. काही दिवस थांबला आणि सरळ दक्षिणेला, आपल्या पेंचकडे निघाला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरच्या आधारे वनखात्याची माणसं आणि हत्ती महिनाभर त्याच्या मागावर होते. शेतं, गावं, नद्या ओलांडत तो चारशेहून अधिक किलोमीटर चालला. अखेर २५ डिसेंबरला दमोह जिल्ह्यात त्याला बेशुद्ध करून परत आणलं. आता तो पुन्हा निघू नये म्हणून क्षेत्रसंचालक आर. श्रीनिवास मूर्ती यांच्या चमूने पिंजऱ्यातल्या वाघिणीचं मूत्र जंगलात शिंपडलं. वास लागला, वाघ थांबला. एप्रिल २०१० मध्ये पहिली बछडी जन्मली. आज पन्न्यात पन्नासहून अधिक वाघ आहेत.

वाघ आणायचे तरी कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये १९९५ मध्ये लांडगे परत आले आणि नद्यासुद्धा सुधारल्या, ही गोष्ट आपल्याकडे फार आवडीने सांगतात. ती जरा जास्तच गोड आहे. तिथली एल्क हरणं कमी होण्यात अस्वलं, प्यूमा आणि माणसांची शिकार यांचाही वाटा होता, आणि लांडग्यांचं श्रेय किती यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. सह्याद्रीत तर बिबट्या आणि रानकुत्री आहेतच. चंद्रपुरात वाघ दाटले म्हणून इकडे पाठवा, हेही पटत नाही, आठ वाघांनी तिथली गर्दी हटणार नाही.

माझ्या मते खरं कारण रोखठोक आहे. गवा, सांबर, रानडुक्कर असलेलं हे जंगल माणसाने वाघांपुरतं रिकामं केलंय, आणि वारणा-कोयनेचं पाणी त्याच डोंगरांतून येतं. वाघ नांदू लागला की पहारा वाढतो, निधी येतो, आणि व्याघ्र प्रकल्पाची जमीन दुसऱ्या कामाला देताना राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाला विचारावं लागतं. अर्थात विचारून परवानगी मिळतेही. केन-बेतवा जोडप्रकल्पाच्या धरणात पन्न्याच्याच गाभ्याचा मोठा भाग बुडणार आहे.

माणसांची तयारी नसेल तर काय होतं, ते ओडिशात दिसलं. २०१८ मध्ये सातकोसियाच्या जंगलात महावीर आणि सुंदरी ही मध्य प्रदेशातून आणलेली वाघांची जोडी सोडली. गावकऱ्यांचा विरोध होता. नोव्हेंबरात महावीर मेलेला सापडला. सुंदरीवर माणसं मारल्याचा आळ आला, ती कुंपणात गेली आणि २०२१ मध्ये परत मध्य प्रदेशात, कान्ह्याला.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या सह्याद्रीत नर ज्या वाटेने येतात त्याच वाटेवर, गोव्यात सत्तरीच्या गोळावलीला, जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिची तीन बछडी विषबाधेने मेलेली आढळली. त्याआधी तिथे गुरं मारली गेली होती. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई अभयारण्य व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करायला सांगितलं, तर राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणून सह्याद्री प्रकल्पालगतच्या शिराळा-पाटणच्या वाडीत एखाद्याची गाय मारली गेली, तर पंचनामा किती दिवसांत होतो आणि भरपाई कधी हातात पडते, याकडे आता लक्ष ठेवायला हवं. चांदोलीत बछडी झालीच, तर त्यांतले नर दोन-अडीच वर्षांनी तीच दक्षिणेची वाट धरतील.