गुटगुटीत आणि किडकिडीत, दोघांचाही हिशेब

महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 2015-16 मध्ये 1.9 टक्के मुलांचं वजन प्रमाणाबाहेर होतं. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण 4.1 टक्क्यांवर गेलं, म्हणजे दुपटीहून जास्त. त्याच पाहणीत वयाच्या मानाने कमी वजनाची मुलं 36.1 टक्के आढळली. आधी ती 36 टक्के होती. लठ्ठपणा वाढला, कुपोषण मात्र जागचं हललं नाही. म्हणून ‘आपल्याकडची मुलं आता खात्यापित्या घरची झाली’ हा निष्कर्ष मला साफ चुकीचा वाटतो.

मुळात नुसत्या वजनावरून आपल्या मुलांबद्दल फार काही कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतली नवजात बाळं तपासली. त्यांचं सरासरी वजन 2.7 किलो होतं, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं स्नायूंनी बरीच कमी भरली, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त. अशा शरीरावर पुढे भराभर वजन चढलं की मधुमेहाचा धोका वाढतो. त्यामुळे ‘बाळसं धरलंय’ म्हणून आजी खूश होते तेव्हा ते बाळसं कशाचं आहे, हे विचारायलाच हवं.

आता खाऊकडे वळू. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 1700 कॅलरी लागतात. वरून घातलेल्या साखरेतून त्यातल्या 10 टक्क्यांहून कमी, आणि जमल्यास 5 टक्क्यांहून कमी याव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 5 टक्के म्हणजे 85 कॅलरी, अर्थात 21 ग्रॅम साखर. कोल्याच्या 250 मिलीच्या एका बाटलीतच सुमारे 26 ग्रॅम साखर असते. चहाबिस्किटं, जॅम, चॉकलेट अजून मोजलेलीच नाहीत.

‘खेळून जिरेल की’ असं पालक म्हणतात. हिशेब करून पाहा. बटाट्याच्या वेफर्सच्या 50 ग्रॅमच्या पुड्यात सुमारे 270 कॅलरी असतात. तीस किलोच्या मुलाने त्या जाळायच्या तर जवळपास तासभर धावपळीचा खेळ हवा. पुडा संपतो पाच मिनिटांत. वजन आवरायचं तर सुरुवात ताटापासूनच करावी लागते.

मग खेळ कशासाठी? आपल्या मुलांकडे जन्मतः जे कमी असतं त्यासाठी: स्नायूंसाठी. शाळकरी मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. 2016च्या अंदाजानुसार 11 ते 17 वर्षांच्या भारतीय मुलांपैकी जवळपास 74 टक्के मुलांची तेवढी होत नव्हती, आणि मुली मुलग्यांहून मागे होत्या. वयात आलेल्या मुलीला मैदानावरून घरात बोलावतो ते आपणच. किडकिडीत मुलालाही हा खेळ तितकाच लागतो, फक्त सोबत डाळ, उसळ, अंडं, दूध पोटात गेलं पाहिजे. नुसत्या बिस्किटांवर वजन वाढेल, अंगात ताकद येणार नाही.

मुख्याध्यापकांना एक विनंती आहे. परीक्षा जवळ आली म्हणून पीटीचा तास गणिताला देऊ नका. आणि पालकांनो, मुलाला ‘जाड्या’ म्हणणं आजच थांबवा. घरात पुडे आणतो ते आपणच.