कुंभाराचे गाढव आणि डिशवॉशरची पावडर

तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाने भांडी धुण्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण ‘याच्याऐवजी ते चालेल का?’ हा प्रश्न स्वयंपाकघरात जितका विचारला जातो, तितका तो कुठल्याच वर्गात विचारला जात नाही. आणि त्याचे उत्तर द्यायचे तर आधी एक ठरवावे लागते: ‘हे’ मुळात काय काम करत होते?

२०२० च्या टाळेबंदीत घरकामाच्या बायकांना येता येईना, तेव्हा आपल्या शहरांतल्या पुष्कळ घरांत डिशवॉशर आले. यंत्राचा खर्च एकदाचा. पावडर किंवा टॅबलेट, मीठ, रिन्स एड हा खर्च मात्र कायमचा. मग सुरू होतो पर्यायांचा शोध. खाण्याचा सोडा, व्हिनेगर, भांड्यांचे लिक्विड, अगदी आजीची राखसुद्धा.

आपल्या न्यायशास्त्रात इथे उपयोगी पडेल असा एक विचार आहे. घडा कशामुळे होतो? माती, चाक, दांडा, कुंभार ही कारणे. पण माती गाढवाच्या पाठीवरून आली, तर गाढवही कारण म्हणायचे का? नैयायिक म्हणतात, नाही. गाढव तिथे होते हे खरे, पण ते नसते तरी घडा झालाच असता. अशा गोष्टीला त्यांनी ‘अन्यथासिद्ध’ असे नाव दिले. स्वस्त पर्याय शोधताना आपल्याला हेच करायचे आहे: पावडरीतले चाक कुठले आणि गाढव कुठले, ते ओळखायचे.

आता हाताने भांडी घासताना काय होते ते पाहू. राख किंवा साबण असतो, पाणी असते, आणि सगळ्यांत मोठे काम करतो तो हात, काथ्या किंवा घासणी घेऊन. डिशवॉशरमध्ये हात नाही. अमेरिकेत जोसेफीन कॉक्रन या बाईंनी १८८६ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यातही भांडी घासली जात नव्हती. पाण्याच्या जोराने धुतली जात होती. आजही तत्त्व तेच आहे. जर्मनीतले हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये स्वच्छतेचे चार घटक मांडले: रसायन, उष्णता, वेळ आणि घर्षण किंवा धारेचा जोर. एक कमी केला तर बाकीच्यांना जास्त काम करावे लागते. यंत्रात घासणारा हात गेला, म्हणून रसायन आणि उष्णता यांच्यावर भार आला. तेव्हा पावडरीत काटकसर करून त्यापायी रोज जास्त गरम, जास्त लांब सायकल लावली, तर वाचलेले पैसे विजेच्या बिलात जातात. यंत्राची बरीचशी वीज पाणी तापवण्यातच खर्च होते.

पावडरीतली ‘चाके’ साधारण पाच. तेलकटपणा काढणारा अल्क, बहुधा धुण्याचा सोडा. भाताचे पीठ आणि डाळी-अंड्यातली प्रथिने तोडणारी एन्झाइम्स. चहाचे डाग घालवणारा ऑक्सिजन ब्लीच. जड पाण्यातले, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या दुष्फेन पाण्यातले, क्षार धरून ठेवणारे सायट्रेटसारखे पदार्थ. आणि अगदी कमी फेस करणारे साबणासारखे द्रव्य.

या यादीत फेस नाही, हे लक्षात घ्या. फेस म्हणजेच स्वच्छता असे आपल्याला वाटते, कारण हाताने घासताना तो नेहमी दिसतो. पण यंत्रात फेस गाढवाहूनही वाईट. तो धारेचा जोर मारतो आणि दारातून बाहेर येतो. म्हणून भांड्यांचे लिक्विड, कपड्यांची पावडर आणि रिठेसुद्धा यंत्राला वर्ज्य.

राखेचे काय? राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, म्हणजे ती सोड्याच्याच कुळातली. आजी चुकीची नव्हती. पण राखेचा न विरघळणारा भाग हातात घर्षण देतो आणि यंत्रात फिल्टर तुंबवतो. एकच वस्तू जागा बदलली की उपकारक राहत नाही.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र घातले की खळबळून फसफसते. दिसायला छान. पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात. उरते ते बरेचसे पाणी, थोडे मीठासारखे द्रव्य आणि उडून गेलेला वायू. शिवाय खाण्याचा सोडा एकटा घातला तरी तो तेलासाठी फारच सौम्य.

धुण्याचा सोडा मात्र खरा पर्याय आहे, अर्धा. पावडर संपली असेल तर स्टील आणि चिनी मातीच्या भांड्यांना एखाद्या दिवशी चमचाभर चालेल. एन्झाइम नसल्याने भाताचे चिकटलेले खरकटे आधी भिजवून काढावे लागेल. रोज वापरला तर जड पाण्यात काचेवर पांढरा थर बसेल. आणि अॅल्युमिनियमची कढई त्यात काळी पडेल. ती तशी तयार पावडरीतही पडते.

मिठाबद्दल गैरसमज फार. ते पावडरीच्या कप्प्यात घालून काही होत नाही. ते तळाच्या वेगळ्या कप्प्यात जाते आणि पाणी मऊ करणाऱ्या राळेला पुन्हा कामाला लावते. खाण्याच्या बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून इतर पदार्थ घालतात. ते इथे नकोत.

एक धोका स्पष्ट सांगतो. स्वस्त म्हणून बाथरूमचे क्लोरीन ब्लीच यंत्रात घालू नका, आणि व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाबरोबर तर कधीच नको. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. घरी केलेले मिश्रण खाऊच्या डब्यात ठेवू नका. नातवंडांना डबा कळतो, सोडा कळत नाही.

मग पैसे वाचवायचे कुठे? गाढवांवर. वास, रंग, चकचकीत वेष्टन सोडा. टॅबलेटऐवजी साधी पावडर घ्या. टॅबलेटचे माप ठरलेले, पावडर मळाप्रमाणे कमी-जास्त करता येते. खरकटे काढून टाका, पण ताटे विसळत बसू नका. यंत्र भरल्यावरच लावा. फिल्टर धुवा. आपल्या पाण्याचा जडपणा तपासून यंत्रात तसा आकडा लावा. बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते, धरणाचे पुष्कळ ठिकाणी मऊ. मऊ पाणी असून आकडा वर ठेवला, तर मीठ उगाच जाते.

स्वस्त पर्याय म्हणजे कमी किमतीची कुठलीही वस्तू नव्हे. जी तेच काम करते आणि दुसरीकडे खर्च वाढवत नाही, ती. हे तपासायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. उद्या कुणी नवा उपाय सांगितला, तर एवढेच विचारा: ‘हे वगळले तर भांडे निघणार नाही का?’ निघत असेल, तर त्या गाढवाचे पैसे आपण का द्यायचे?