उशी घेण्याआधी बाज बघा

परवाच्या शुक्रवारी जागतिक निद्रा दिन होऊन गेला. मार्चमधल्या विषुवदिनाच्या आधीचा शुक्रवार हा त्याचा ठरलेला मुहूर्त. २००८ पासून तो पाळला जातो आणि गादी-उशीवाल्यांचा हंगामही त्याच सुमारास असतो. या आठवड्यात प्रत्येकाच्या मोबाइलवर तो तक्ता येऊन गेला असेल: कुशीवर झोपणाऱ्यांनी जाड उशी घ्यावी, पाठीवर झोपणाऱ्यांनी मध्यम, पोटावर झोपणाऱ्यांनी पातळ किंवा घेऊच नये. खाली चार उश्यांची चित्रं आणि हजाराच्या पुढच्या किमती.

तक्ता खोटा नाही, अर्धा आहे. माणूस कसा झोपतो हे तो विचारतो, कशावर झोपतो हे विचारत नाही.

बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना बिंदुसरा धरणाच्या अलीकडे-पलीकडे पसरलेलं पाली घ्या. अशा गावात एकाच घरात तीन तऱ्हांची अंथरुणं सापडतात. म्हाताऱ्यांची सुतळीची बाज, मधल्या पिढीचा प्लायवूडचा दिवाण आणि त्यावर फोमची गादी, पोरांची फरशीवर टाकलेली सतरंजी आणि गोधडी. तिघंही कुशीवर झोपत असतील, तरी तिघांना एकच उशी चालणार नाही.

कुशीवर वळलं की खांद्यामुळे डोकं आणि अंथरूण यांच्यात पोकळी राहते. ती भरून काढणं आणि मान पाठीच्या रेषेत ठेवणं, एवढंच उशीचं काम. फरशीवर खांदा तसूभरही खाली जात नाही, म्हणून पोकळी पूर्ण उरते आणि उशी जाड लागते. मऊ गादीत खांदा रुततो, पोकळी कमी होते आणि तीच जाड उशी मान वर ढकलते. बाजेची गोष्ट आणखी निराळी. सुतळी सैल झाली की मधे झोळ पडतो, कंबर खाली जाते आणि उशाकडची बाजू आपोआप चढ होते. अशा बाजेवर जाड उशी घेणं म्हणजे चढावर आणखी पायरी बांधणं. मान आखडली की लोक आधी उशीला दोष देतात. खरं तर पायथ्याकडचं अडवण ओढून बाज कसायला हवी. त्याला पैसा लागत नाही.

माप घ्यायचं तर भिंतीला खांदा टेकवून ताठ उभं राहा, नजर समोर ठेवा आणि भिंत व डोक्याची बाजू यांतलं अंतर दुसऱ्याला मोजायला सांगा. कडक अंथरुणावर कुशीवर झोपताना उशीची उंची साधारण तेवढी हवी. ही उंची डोक्याच्या भाराने दबल्यानंतरची आहे, दुकानात फुगून बसलेल्या उशीची नव्हे. बहुतेकांचं हे अंतर चार ते सहा इंच भरतं. गादी मऊ असेल तर त्यातून इंच-दीड इंच वजा करा. पाठीवर झोपणाऱ्यांना याहून बरीच कमी उंची पुरते. हनुवटी छातीकडे झुकली तर उशी जाड झाली, असं समजा. तशा वाकलेल्या मानेने श्वासाची वाट अरुंद होते आणि घोरणं वाढतं. पालथं झोपणाऱ्यांची मान रात्रभर एका बाजूला पिळलेली असते. त्यांच्यासाठी चांगली उशी नाही, चांगली सवय आहे: कुशीवर वळायची.

आणि माणूस रात्रभर एकाच स्थितीत राहतो कुठे? डेन्मार्कमध्ये ६६४ जणांच्या अंगावर हालचाल टिपणारी यंत्रं लावून केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपेतला निम्म्याहून थोडा जास्त वेळ कुशीवर गेला, एक तृतीयांशाहून जास्त पाठीवर, आणि पोटावर अगदी थोडा. ‘मी कुशीवर झोपतो’ हे फार तर अर्ध्या रात्रीचं सत्य. म्हणून मधे थोडी दबणारी आणि कडेला थोडी चढ उशी सगळ्यात सोयीची, आणि तशी उशी घडवता येते ती कापसाची.

माझा कापसाकडे कल आहे, हे लपवत नाही. पण आधी परीक्षेचा निकाल सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्ट सुसान गॉर्डन यांनी कुशीवर झोपणाऱ्या १०६ जणांना आठवडा-आठवडा वेगवेगळ्या उश्या वापरायला दिल्या: पॉलिस्टर, साधा फोम, मानेसाठी उंचवटा दिलेला फोम, पिसं आणि लॅटेक्स. २००९ मध्ये आलेला निष्कर्ष असा की लॅटेक्स उजवं ठरलं, पिसांची उशी सगळ्यात वाईट आणि उंचवट्याचा फोम साध्या फोमपेक्षा सरस नाही. ज्या आकारापायी मानदुखीवाला दुप्पट पैसे मोजतो, त्या आकाराने इथे काही जास्त दिलं नाही. आपल्या कापसाला मात्र या स्पर्धेत कोणी उभंच केलं नव्हतं.

मेमरी फोमची भानगड हवामानाची आहे. १९६६ मध्ये चार्ल्स योस्ट यांनी नासाच्या कामासाठी, विमानातल्या आसनांकरता तो शोधला. उष्णतेने तो मऊ होतो, थंडीत ताठर. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे जाणाऱ्या बीडमध्ये, रात्री वीज गेल्यावर, अंगाची ऊब धरून ठेवणारी उशी डोक्याखाली घ्यायची हौस कोणाला असेल तर असो.

कापसाची उशी दबते, तिच्यात गाठी होतात, हे खरंच. पण ती उसवता येते. मूठभर काढा, मूठभर घाला, चार रात्री झोपून बघा, मग शिवा. गादीवाला पिंजारी ‘किती किलो भरू?’ विचारतो तेव्हा आपण उगाच ‘भरा दोन किलो’ म्हणतो आणि दगड घरी आणतो. त्याला उंची सांगा. उन्हाळ्यात कापूस पिंजून, उन्हात तापवून पुन्हा भरला की तीच उशी वर्षभर नीट राहते. काटेसावरीच्या बोंडांतला कापूसही महिन्याभरात फुटू लागेल. त्याचे तंतू आखूड आणि गुळगुळीत असल्याने सूत होत नाही. उशीत मात्र तो हलका आणि मऊ राहतो.

आता जरा हिशेब, कापसाच्या जिल्ह्यात राहून तो टाळता येत नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. सरकी काढल्यावर रुई हाती लागते ती वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. म्हणजे दीड किलो रुईच्या उशीत शेतकऱ्याचा साडेचार किलो कापूस गेला, हमीभावाने सुमारे ३६५ रुपयांचा. तोही चांगला कापूस धरला तर. बाजारातल्या स्वस्त उशीत बहुधा गिरणीतलं उरलंसुरलं असतं. ज्याच्या शेतात पांढरं सोनं पिकतं म्हणतात, त्याच्या पोराने पेट्रोलियमपासून बनवलेला फोम हप्त्यावर घ्यावा, याचा मला राग येतो.

गाळप संपत आल्याने ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडं परतू लागली आहेत. कोपीत पाचटावर वाकळ टाकून, कपड्यांचं गाठोडं उशाला घेऊन पाच महिने निजलेल्या आणि पहाटेपासून उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहिलेल्या बाईची मान उशीने बरी होणार नाही. तिची मान मोळीच्या वजनाने आणि अपुऱ्या झोपेने गेलेली असते. निद्रा दिनाच्या जाहिरातींत ती नसते.

दोन सल्ले तेवढे गावोगाव खोडून काढायला हवेत. पहिला: ‘मान दुखते ना, उशीच सोडा.’ पाठीवर झोपणाऱ्या एखाद्याला हे मानवेलही. कुशीवर झोपणाऱ्याची मान त्याने खांद्याकडे लोंबकळते. दुसरा: बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी. पहिल्या वर्षात बाळाला कोणतीच उशी नको. पाठीवर, सपाट आणि कडक अंथरुणावर निजवायचं. मऊ उशीत नाक दबलं तर तान्ह्याला मान वळवता येत नाही.

जळजळीसाठी दोन-तीन उश्या रचणाऱ्यांनीही ते थांबवावं. त्याने पोट मधेच दुमडतं. बाजेच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा-आठ इंच उचला आणि डाव्या कुशीवर झोपा.

उशी बदलून दोन-तीन आठवड्यांत मान सुटली नाही, किंवा हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली पडत असेल, तर आणखी एक उशी विकत घेऊ नका. अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.