पिकअपला मोठे टायर: घासणार कुठे?
पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातली संत्री बागेतून पिकअपने निघतात. कच्च्या वाटेसाठी मोठे टायर हवे असतील, तर आधी मापं पाहा. २१५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ७०४ मिमी, २३५/७५ आर १५चा ७३४. म्हणजे वरची फट १५ मिमीने घटते, रुंदी २० मिमीने वाढते. रिकामी गाडी सरळ उभी असताना हे जाणवत नाही. माल भरल्यावर पाटे दबतात, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला किंवा चासीला घासतो. म्हणून भरलेली गाडी दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तपासा. स्पीडोमीटर ६० दाखवेल, तेव्हा खरा वेग सुमारे साडेबासष्ट असेल. आणि कंपनीने मान्य केलेल्या मापातच राहा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं.