मॉरिशस : समाजमाध्यमांवरील बंदी आणि नागरिकांचा हक्क

मॉरिशसमध्ये दूरसंचार नियामकाच्या आदेशाने १ नोव्हेंबर २०२४ रोजी समाजमाध्यमे बंद करण्यात आली. सार्वत्रिक निवडणूक नऊ दिवसांवर होती आणि राजकारणी व पत्रकारांची चोरून ध्वनिमुद्रित केलेली संभाषणे याच माध्यमांवरून उघड होत होती. कारण राष्ट्रीय सुरक्षेचे देण्यात आले. बंदीची मुदत मात्र मतदानाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, हे बोलके आहे. चौफेर टीकेनंतर एका दिवसातच बंदी उठली. निवडणुकीत सत्ताधारी आघाडीचा पराभव झाला.

याच नियामकाने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील संदेश स्वतःच्या यंत्रणेतून वळवून वाचता येतील, असा प्रस्ताव मांडला होता. त्यावेळी निदान नागरिकांची मते मागविण्यात आली होती आणि तीव्र विरोध नोंदविला गेला होता. २०२४ च्या आदेशापूर्वी जनतेला विचारण्यात आले नाही.