जुन्या संगणकाचा कायापालट

जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाचे भंगार भट्टीत वितळवून त्यापासून बांधकामाच्या सळया तयार करतात. गंजलेल्या पत्र्याला आणि मोडक्या चाकाला तेथे नवा जन्म मिळतो. परंतु प्रत्येक जुनी वस्तू भंगारात घालण्याच्याच योग्यतेची असते काय? शाळेत किंवा कचेरीत दहा-बारा वर्षांपूर्वीचा एखादा संगणक असतो. कळ दाबल्यावर तो सुरू होण्यास दोन-तीन मिनिटे लागतात. आपण कंटाळून म्हणतो, “हा आता मोडीत काढावा.” असा निकाल देण्यापूर्वी त्याचा कोणता अवयव मंद आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

संगणकात गणन करणारा भाग वेगळा आणि माहिती साठवणारा भाग वेगळा असतो. जुन्या संगणकात ही साठवण हार्ड डिस्कवर होते. हार्ड डिस्क म्हणजे पेटीत बंद केलेल्या, चुंबकीय लेप दिलेल्या, फिरत्या तबकड्या. त्यांच्यावरून एक भुजा सरकते आणि तिचे टोक माहिती वाचते. अशी पहिली यंत्रणा अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तीत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. तरी तीत सुमारे ५० लाख अक्षरेच मावत.

विहिरीवरचा रहाट तुम्ही निदान चित्रात पाहिला असेल. त्याच्या माळेतील एखादे ठरावीक गाडगेच हवे असेल, तर ते फिरून वर येईपर्यंत थांबावे लागते. हार्ड डिस्कचेही तसेच आहे. तिची तबकडी बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेते. हवी ती जागा टोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा लागतो. भुजा सरकण्याचा वेळ त्यात मिळवला, तर माहितीच्या एका तुकड्यामागे सेकंदाचे सुमारे १३ सहस्रांश जातात. संगणक सुरू होताना विखुरलेले असे हजारो तुकडे वाचावे लागतात. समजा, ते दहा हजार आहेत. तर १३० सेकंद केवळ वाट पाहण्यात गेले! गणन करणारा भाग तोवर जवळजवळ रिकामाच बसतो.

‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ अर्थात एसएसडी या साधनात फिरणारे काहीच नसते. सिलिकॉनच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्भार कोंडून माहिती साठवली जाते. या ‘फ्लॅश’ स्मृतीचा शोध जपानमधील तोशिबा कंपनीत काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात लावला. फडताळातील हव्या त्या डब्यावर सरळ हात जावा, तसा येथे हवा तो कप्पा तत्काळ उघडतो. एका तुकड्यास सेकंदाचा सुमारे दहा हजारावा भाग पुरतो. म्हणून दहा हजार तुकड्यांचे काम सेकंदाभरात उरकते.

हा बदल करणे अवघड नाही. प्रथम सर्व महत्त्वाच्या माहितीची दुसरीकडे प्रत करून ठेवावी. संगणक बंद करून विजेची तार काढावी. मग एसएसडी पेटीत बसवून तिला माहितीची व विजेची अशा दोन तारा जोडाव्यात आणि संगणक चालवणारी प्रणाली तिच्यावर घालावी. जुनी हार्ड डिस्क सुस्थितीत असेल, तर ती छायाचित्रे व कागदपत्रे ठेवण्यास उपयोगी पडते.

तथापि एसएसडीने गणनाचा वेग वाढत नाही. रॅम अपुरी असेल, तर तीही वाढवावी लागते. शिवाय एसएसडीचे कप्पे पुनःपुन्हा लिहिल्याने झिजतात आणि ती पूर्वसूचनेवाचून बंद पडू शकते. म्हणून माहितीची दुसरी प्रत नेहमी जवळ असावी.

पुढे कधी तो संगणक खरोखरच निकामी झाला, तरी तो कचऱ्यात टाकू नये. त्यातील विद्युत्पाट्यांत शिशासारखे विषारी धातू असू शकतात. त्या नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच गेल्या पाहिजेत. परंतु ती वेळ लवकर का आणावी? एका अवयवाच्या दोषासाठी सबंध यंत्र मोडीत काढण्यापेक्षा तो अवयव बदलणे, यातच शहाणपण आहे.